करामितांची समता व दक्षिणेंतील दायरे

शिया पंथाच्या इस्माइली शाखेंतून निघालेल्या करामितांनीं इ. स. ८९९ च्या सुमारास पूर्व अरबस्तानांत राज्य स्थापिलें. इ. स. ९३० त त्यांनीं मक्केंतील काळा पाषाण उचलून नेला व ९५१ त परत केला. त्यांचें स्वतःचें लेखन आज जवळजवळ उरलेलें नाहीं. जें उपलब्ध आहे तें बहुतांशीं प्रतिपक्षाचें होय.

म्हणून नासिर खुस्रौची साक्ष मोलाची ठरते. इ. स. १०५१ त हा फारसी प्रवासी त्यांच्या लाहसा या राजधानींत गेला. तो इस्माइली असला तरी कैरोच्या फातिमी खलिफांचा अनुयायी होता. तो लिहितो कीं, तेथें प्रजेकडून दशांश घेत नसत. ऋणग्रस्तास बिनव्याजी द्रव्य, परक्या कारागिरास हत्यारांपुरतें भांडवल आणि सर्वांस फुकट दळण मिळे. परंतु शेतीस जुंपलेल्या ३०,००० विकत घेतलेल्या हबशी गुलामांचा उल्लेखही तोच करतो. तेव्हां ही समता पंथीयांपुरती होती, हें विसरतां कामा नये.

दक्षिणेंत याच्या जवळचें उदाहरण महदवी पंथाचें आहे. हा पंथ शिया नव्हे. जौनपूरचा सय्यद महंमद (१४४३–१५०५) हा त्याचा प्रवर्तक. त्याच्या अनुयायांच्या वस्तीस दायरा म्हणत. तेथें आलेलें दान न सांठवितां गुरूशिष्यांत डोईप्रमाणें सारखें वांटीत. येथील समता दास्यावर नव्हे, तर स्वेच्छेच्या दारिद्र्यावर उभी होती.

इ. स. १५८९ त जमालखानानें इस्माईल निजामशहास गादीवर बसवून अहमदनगरीं हाच पंथ राजधर्म केला. तेव्हां दायऱ्याच्या धर्मास तरवारीचा आश्रय मिळाला, आणि १५९१ त विदर्भांतील रोहणखेडच्या लढाईंत जमालखान पडतांच तो आश्रयही गेला.

या प्रकरणाचीं दोन मुख्य साधनें पारखून घेतलीं पाहिजेत. ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ हा ग्रंथ तबातबाईनें विजयी बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयानें लिहिला. फिरिश्ता तर १५८९ तच अहमदनगर सोडून विजापुरास गेलेला. दोघांचाही महदवींवर रोष होता. करामितांच्या बाबतींत आपणांस परक्याच्या साक्षीवांचून गत्यंतर नाहीं. महदवींच्या बाबतींत तसें नाहीं. त्यांचे स्वतःचे ग्रंथ विद्यमान आहेत. म्हणून ज्या संग्राहकांजवळ दायऱ्यांतील फारसी वा दखनी पोथ्या असतील, त्यांनीं त्या केवळ धर्मचर्चेच्या म्हणून बाजूस न ठेवतां, त्यांत दानाच्या वांटणीविषयीं काय लिहिलें आहे तें अवश्य पाहावें. समतेचा निर्णय तख्ताच्या बखरीवरून नव्हे, अशा वांटणीवरूनच होईल.