एका सरोवराचा पुनर्जन्म

नगरांच्या इतिहासात राजवाडे, लढाया आणि सनदा यांची नोंद होते. सांडपाण्याची सहसा होत नाही. तथापि श्रोतेहो, अमेरिकेच्या वायव्य भागात सिएटल नगरीलगत पसरलेल्या वॉशिंग्टन सरोवराचा अलीकडचा इतिहास हा सांडपाण्याचाच इतिहास आहे.

१९४१ पासून पुढील काही वर्षांत या सरोवराच्या परिसरात सांडपाणी शुद्ध करणारी सुमारे दहा केंद्रे उभी राहिली. पाणी शुद्ध करूनच सोडले जाई. त्यामुळे लोक निर्धास्त होते. परंतु त्या पाण्यात फॉस्फरस उरत असे, आणि शेतात खत जे करते तेच तो सरोवरात करी. १९५५ मध्ये ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे शैवाल तेथे आढळले. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवराच्या ऱ्हासाच्या वेळी हेच शैवाल दिसले होते. वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडमंडसन यांनी ती खूण ओळखली आणि पुढील संकटाचा इशारा दिला.

निदान झाले, पण उपाय एकट्या गावाच्या हातचा नव्हता. सरोवर अनेक गावांचे होते. एकाने पाणी वळवावे आणि दुसऱ्याने सोडत राहावे, तर सारा खर्च व्यर्थ. म्हणून जेम्स एलिस या विधिज्ञांनी सर्वांची मिळून एक संस्था स्थापण्याचा आग्रह धरला. मार्च १९५८ च्या मतदानात उपनगरांनी ही योजना नाकारली. तेव्हा वाहतूक व नगररचना हे विषय वगळून केवळ सांडपाण्यापुरती योजना पुन्हा मांडण्यात आली, आणि सप्टेंबरमध्ये ती संमत झाली.

१९६३ ते १९६८ या काळात सरोवरात येणारे सांडपाणी टप्प्याटप्प्याने समुद्राकडे वळविले गेले. १९६३ च्या सुमारास पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी उन्हाळ्यात जेमतेम एक मीटर खोलीपर्यंत दिसे. १९७६ नंतर ती सुमारे सात मीटरपर्यंत दिसू लागली. ऑसिलेटोरिया नाहीसे झाले, डॅफ्निया हे सूक्ष्म जीव वाढले आणि इतर शैवाल ते खाऊ लागले.

ध्यानात घेण्याजोगे हे, की सरोवरात कोणतेही औषध घातले गेले नाही. घाण येणे थांबले, आणि नद्यांच्या नव्या पाण्याने उरलेले काम केले. प्रत्येक तळे इतक्या लवकर सावरत नाही. उथळ तळ्यांच्या गाळात साठलेला फॉस्फरस वर्षानुवर्षे वर येत राहतो. म्हणूनच इशारा मिळताच जागे होण्याचे मोल मोठे. आपल्या गावच्या तळ्याची काळजी वाटत असेल, तर काठावर उभे राहून केवळ पाण्याकडे पाहू नये. त्यात येऊन मिळणारे नाले कोठून येतात, ते आधी पाहावे.