सांताक्रूझमार्गे पॅरिस

फ्रेंच ही प्रेमाचीच भाषा, ही समजूत मुंबईत शिक्षणातून कमी आणि पडद्यावरून अधिक पसरली, असे माझे मत आहे. 1964चा ‘संगम’ आणि 1967चा ‘ॲन इव्हनिंग इन पॅरिस’ आले तेव्हा परदेशी विमाने सांताक्रूझलाच उतरत. तिकीट परवडणारे मूठभर होते. बाकीच्यांना पॅरिस चित्रपटगृहात भेटले. पण ‘संगम’मध्ये प्रेमाची कबुली जर्मनमधूनही गायली जाते. म्हणजे मोहिनी एकट्या फ्रेंचची नव्हती, परकेपणाची होती. नवऱ्याचे नाव उखाण्यात गुंफूनच घेणाऱ्या समाजाला असा आडपडदा नवा नव्हता. घरच्या भाषेत जे जिभेवर अडते, ते परक्या भाषेत निभावते.

यावर कोणी म्हणेल, मुंबईत खरी फ्रेंच प्रेमकथा होतीच की! होती. रतनजी दादाभॉय टाटांनी 1902मध्ये पॅरिसच्या सुझान ब्रिएर यांच्याशी लग्न केले. त्यांचे चिरंजीव जे. आर. डी. फ्रेंच बोलतच वाढले आणि 1932मध्ये सांताक्रूझशेजारच्या जुहूच्या धावपट्टीवर टपालाचे विमान घेऊन उतरले. मात्र त्या घरात फ्रेंच ही रोजच्या बोलण्याची भाषा होती, आणि सुझानबाईंच्या वाट्याला मुंबईत गुलाबी स्वप्न आले नाही. त्यांना पारशी मानायचे की नाही, हा वाद थेट उच्च न्यायालयात गेला आणि 1908चा निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. पडद्यावरच्या पॅरिसला असल्या कज्ज्यांचा स्पर्शही नव्हता, म्हणूनच ते इतक्यांना आपलेसे वाटले.