पकडलेला इलेक्ट्रॉन क्युबिट कसा बनतो? सोप्या मराठीत

मी शहापूरचा. इथल्या आणि मुरबाडच्या बीएससी करणाऱ्या मुलांचा मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, 'सर, एकेक सुटा इलेक्ट्रॉन पकडून क्वांटम कॉम्प्युटर बनतो का?' उत्तर: अजून बनलेला नाही, प्रयोग चालू आहेत. चला, समजून घेऊया.

इलेक्ट्रॉनच का?
साधा बिट 0 किंवा 1 असतो. क्युबिट दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या दोनच अवस्था असतात, वर आणि खाली. म्हणजे 0 आणि 1 आयतेच मिळाले! तिसरी अवस्थाच नाही, त्यामुळे माहिती तिकडे घसरायची भीती नाही.

पकडायचा कसा?
नुसत्या स्थिर विद्युत क्षेत्रात इलेक्ट्रॉन एका ना एका बाजूने निसटतोच. म्हणून 'पॉल ट्रॅप'मध्ये क्षेत्राची दिशा सतत उलटवतात. तळहातावर काठी उभी धरताना आपण हात सारखा हलवतो, काहीसं तसंच. या सापळ्यासाठी वोल्फगांग पॉल यांना 1989 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

इलेक्ट्रॉन कॅल्शियमच्या आयनपेक्षा सुमारे 73,000 पट हलका, म्हणून क्षेत्रही फार वेगाने बदलावं लागतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते 1.6 गिगाहर्ट्झने बदलत होतं. खोलीच्या तापमानालाही इलेक्ट्रॉन काही दहा मिलिसेकंद टिकले, काही तर सेकंदभर.

अडचण कुठे आहे?
हलकेपणामुळे क्रिया झटपट होऊ शकतात, हा फायदा. पण आयन लेझरने थंड करता येतात, सुटा इलेक्ट्रॉन तसा करता येत नाही. त्याला लेझरचा प्रकाश शोषणाऱ्या आतल्या पातळ्याच नाहीत. त्यामुळे अख्खं यंत्रच अतिथंड ठेवावं लागणार. अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेने 2022 मध्ये वेगळी वाट दाखवली: गोठलेल्या निऑनवर बसवलेला इलेक्ट्रॉन क्युबिट.

आपल्याकडे काय?
ऑगस्ट 2024 मध्ये डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा, कुलाब्याची टीआयएफआर आणि टीसीएस यांच्या 6 क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी जाहीर झाली. तो सुपरकंडक्टिंग सर्किटवर चालतो, पकडलेल्या इलेक्ट्रॉनवर नाही.

म्हणून 'क्वांटम'च्या नावाने मोठी फी मागणारा कोर्स दिसला, तर घरच्यांचे पैसे भरण्याआधी विचारा: क्युबिट कुठला, आणि शिकवणार कुठल्या यंत्रावर? तोवर विद्युतचुंबकत्व, मायक्रोवेव्ह आणि व्हॅक्यूम तंत्र पक्कं करा. पुढे सर्किट जिंको की इलेक्ट्रॉन, हे शिक्षण वाया जाणार नाही.