ब्रुक्स नदीवरचं मचाण

दिवसाचं पहिलं उड्डाण घ्यायचं असलं तरी फ्लोटप्लेनचा पायलट आधी इंजिनाकडे जात नाही. सायकलच्या पंपासारखा लांबट हातपंप घेऊन तो विमानाखालच्या फ्लोटवर उतरतो, एकेका कप्प्याचं बूच काढतो आणि रात्रभरात आत झिरपलेलं पाणी उपसून टाकतो. चाकांच्या जागी असलेले हे दोन पोकळ तराफे म्हणजे विमानाचे पाय. एखाद्या कप्प्यात पाणी राहिलं तर वजन वाढतं आणि तोल बिघडतो. कोकणातल्या होडीवाल्यानं समुद्रात जाण्याआधी होडीतलं पाणी उपसावं, तसंच हे रोजचं काम. मग प्रवाशांची वजनं विचारली जातात, कोणी कुठं बसायचं ते ठरतं आणि विमान पाणी कापत वेग घेतं.

अलास्कातल्या किंग सॅमन या गावाहून असं विमान अर्ध्या तासाच्या आत नॅकनेक तलावावर उतरतं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रुक्स धबधबा आहे. उंची जेमतेम दोन मीटर. जुलै महिन्यात या धबधब्याच्या माथ्यावर तपकिरी अस्वलं उभी असतात आणि उडी मारून वर येणारा सॅमन मासा तोंडात झेलतात. ते पाहायला माणसं सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. अँकरेजपासून ही जागा साडेचारशे किलोमीटरवर आहे आणि तिथवर रस्ता पोचत नाही. विमान नसतं तर ही एका दिवसाची सहल झालीच नसती. पण विमान इथं आलं, तेव्हा अस्वलं पाहण्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता.

विमानाच्या कितीतरी आधी इथं माणसं होती. ब्रुक्स नदीची लांबी अवघी अडीच किलोमीटर, दोन तलावांना जोडणारी. तिच्या काठावर किमान 4500 वर्षांच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. अर्धं घर जमिनीत खणायचं, वर लाकडाचा सांगाडा उभारायचा आणि तो गवत-मातीनं झाकायचा, अशी घरं बांधणारे लोक सॅमनच्या हंगामावर जगत. त्या घरांचे शेकडो खळगे आजही झाडाझुडपांखाली दिसतात. त्यांतलं एक घर उत्खननानंतर पुन्हा उभं करून प्रवाशांना दाखवलं जातं. माणूस आणि अस्वल एकाच नदीतला एकच मासा खात आले, ही इथली सर्वांत जुनी गोष्ट.

6 जून 1912 रोजी या भागात नोव्हारुप्ता ज्वालामुखीचा स्फोट झाला. सुमारे 60 तास चाललेला हा उद्रेक विसाव्या शतकातला सर्वांत मोठा मानला जातो. दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या कोडियाक गावात भरदिवसा काळोख झाला आणि घरांवर राखेचे थर साचले. सावोनोस्की गावच्या लोकांना घरंदारं, शिकारीच्या जागा, मासेमारीचे काठ सोडून नॅकनेक नदीच्या मुखाजवळ नवं गाव वसवावं लागलं. त्यांना जुन्या गावी पुन्हा नांदता आलं नाही. या मुलखाला जग ओसाड निसर्ग म्हणून ओळखू लागलं, त्यामागे हे विस्थापनही आहे, आणि ते विसरता कामा नये.

1916 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्स राखेनं भरलेल्या खोऱ्यात पोचले. जमिनीतून असंख्य ठिकाणी वाफा निघत होत्या, म्हणून त्यांनी त्याला ‘दहा हजार धुरांचं खोरं’ असं नाव दिलं. 1918 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी कॅटमाई नावाचा हा परिसर राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. हे संरक्षण ज्वालामुखीसाठी होतं. तपकिरी अस्वलांचा विचार 1931 मध्ये झाला. तेव्हा हद्द वाढवण्यात आली आणि ब्रुक्स नदी त्या हद्दीत आली.

दरम्यान आकाशात दुसरी कथा घडत होती. 28 मार्च 1910 रोजी फ्रान्सच्या आँरी फाब्र यांनी स्वतःच्या इंजिनानं पाण्यावरून उडणारं पहिलं विमान उडवून दाखवलं. रस्ते कमी आणि तलाव उदंड असलेल्या अलास्काला यापेक्षा सोयीचं वाहन मिळणार नव्हतं. 1947 मध्ये कॅनडाच्या डी हॅविलंड कंपनीचं ‘बीव्हर’ विमान आलं. ते आखताना कंपनीनं रानावनांत उडणाऱ्या पायलटांनाच विचारलं होतं, तुम्हाला काय हवं? म्हणून त्याचे दरवाजे इंधनाचं पिंप आत लोटता येईल इतके रुंद झाले आणि इंजिनात तेल ओतायची सोय थेट पायलटच्या खोलीत झाली, म्हणजे उडतानाही तेल घालता यावं. 1967 पर्यंत अशी सोळाशेहून अधिक विमानं तयार झाली. अलास्कात त्यांतली कित्येक आजही उडतात.

रे पीटरसन हे अशाच पायलटांपैकी एक, नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड एअरलाइन्सचे संस्थापक. 1950 मध्ये त्यांनी कॅटमाई परिसरात तंबूंचे पाच तळ उभारले. ब्रुक्स कॅम्प त्यांतला एक. विमानाच्या तिकिटाला गिऱ्हाईक हवं होतं आणि ते मिळालं गळ टाकणाऱ्या हौशी लोकांत. रेनबो ट्राउट आणि सॅमनसाठी ते पैसे मोजून इतक्या लांब यायला तयार होते. त्या दशकात ब्रुक्स नदीवर अस्वलं मोजकीच दिसत, आणि जी दिसत ती तळाच्या मागच्या उकिरड्यावर. कचरा उघड्यावर टाकला जाई, पकडलेले मासे हाताशी टांगलेले असत. अस्वल म्हणजे खरकट्याला चटावलेला उपद्रवी प्राणी, अशीच त्याची ओळख झाली.

त्याच काळात कोडियाक बेटावर गुरांच्या मालकांसाठी छोट्या विमानावर बंदूक बसवून अस्वलं मारली गेली, आणि तीही सरकारी यंत्रणेकडून. 1964 मध्ये एका शिकारविषयक मासिकानं ही गोष्ट उघडकीस आणली. माणूस विमानातून अस्वलाकडे कसा पाहत होता, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

वेगळी वाट दाखवली ती कॅटमाईच्या उत्तर सीमेलगतच्या मॅकनील नदीनं. सॅमनच्या हंगामात तिथं इतकी अस्वलं जमतात की 2011 मध्ये एकाच वेळी 70 हून अधिक मोजली गेली. 1967 मध्ये अलास्का राज्यानं तिथं अभयारण्य केलं. पण फक्त शिकार थांबवून भागेना. कॅमेरे घेऊन मनाला येईल तिथं फिरणाऱ्या माणसांमुळे अस्वलं नदी सोडू लागली. 1973 पासून चिठ्ठ्या टाकून परवाने द्यायला सुरुवात झाली. आजही भर हंगामात दिवसाला दहाच पाहुणे धबधब्याकडे जातात. लॅरी ऑमिलर यांनी जवळजवळ तीस वर्षं तिथली व्यवस्था सांभाळली. त्यांची पद्धत साधी होती. माणसांनी रोज त्याच वाटेनं जावं, त्याच जागी बसावं, तसंच वागावं. अस्वलाला माणसाचा अंदाज आला की ते बिचकत नाही आणि अंगावरही येत नाही. पुढे माद्या पिलांना माणसांजवळ सोडून मासे धरायला जाताना दिसू लागल्या.

ब्रुक्सलाही बदल झाला, पण हळूहळू. सॅमनला धबधबा चढणं सोपं जावं म्हणून 1950 मध्ये काठाशी माशांसाठी काँक्रीटची पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधली होती. माशांना ती नकोच होती. 1974 मध्ये ती बंद केली. उकिरडा हटला. 1980 मध्ये स्मारकाचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1982 मध्ये धबधब्याशेजारी पहिलं लाकडी मचाण उभं राहिलं. आपल्याकडे मचाण हा शब्द शिकारीच्या गोष्टींतून आला. गारा बांधायचा, वर बसायचं आणि बार काढायचा. इथलं मचाण केवळ पाहण्यासाठी. माणूस जमिनीवरून बाजूला झाला आणि काठ अस्वलाला मोकळा मिळाला. 2019 मध्ये नदीवर उंच पूल झाला, त्यामुळे आता माणसं वरून जातात आणि अस्वलं खालून.

माशाचं काय, हाही प्रश्न महत्त्वाचा होता. ब्रुक्सला येणारे सॉकआय सॅमन ब्रिस्टल उपसागरातून येतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कडक हिवाळे आणि खोल समुद्रातली परदेशी मासेमारी यांमुळे तिथली आवक पार घटली. 1976 च्या कायद्यानं किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात अमेरिकेनं मासेमारीवर ताबा मिळवला. कोळ्यांना पकडायला परवानगी देण्याआधी नदीत पुरेसे मासे अंडी घालायला गेले की नाही, हे मोजण्याची शिस्त पाळली गेली. 2022 मध्ये उपसागरात सुमारे 7 कोटी 90 लाख सॉकआय परतले. नदीत मासा आला, काठ मोकळा झाला आणि अस्वलंही आली.

आज ब्रुक्सला विमानातून पाय खाली टाकला की तो पडतो टाच घासायच्या दगडासारख्या सच्छिद्र, हलक्या खड्यांवर. हे 1912 च्या स्फोटातले दगड, पाण्यावर तरंगत काठाला लागलेले. मचाणाकडे जाण्याआधी प्रत्येकाला रेंजरच्या वर्गात बसावं लागतं. अस्वलापासून 50 यार्ड, म्हणजे जवळपास 45 मीटर अंतर राखायचं. खाण्याची वस्तू सोबत न्यायची नाही, च्युइंगमसुद्धा नाही. वाटेत अस्वल आलं तर पळायचं नाही. बोलत बोलत, सावकाश मागं सरायचं. वर्ग संपला की छातीवर लावायला एक छोटी पिन मिळते. गर्दीच्या दिवसांत मुख्य मचाणावर एका वेळी 40 माणसं आणि प्रत्येकाला एक तास.

त्या तासात लक्षात येतं की प्रत्येक अस्वलाची तऱ्हा निराळी. कोणी धबधब्याच्या कडेवर मान पुढे काढून स्थिर उभं राहतं. कोणी खाली फेसाळत्या पाण्यात बूड टेकून बसतं आणि पायाला मासा लागला की पंजा दाबतं. कोणी दुसऱ्याच्या तोंडचा हिसकावतं. मासे भरपूर असले की अस्वल पंज्यानं मासा दगडावर दाबून धरतं, कातडं सोलतं, डोकं फोडतं, गाबोळी चाटून खातं आणि उरलेला मासा सोडून देतं. त्यावर सीगल तुटून पडतात. हा आपमतलबी हिशोब जगण्यासाठी आहे. पुढचा जवळजवळ अर्ध्या वर्षाचा काळ गुहेत न खाता काढायचा असतो आणि त्यात वजनाचा तिसरा हिस्सा झडू शकतो.

2012 पासून धबधब्यावर कॅमेरे बसले आणि विमानाचं भाडं न परवडणाऱ्यांनाही ही नदी घरबसल्या दिसू लागली. 2014 मध्ये रेंजर माइक फिट्झ यांच्या कल्पनेतून सर्वांत गुबगुबीत अस्वलासाठी लोकांची मतं घ्यायला सुरुवात झाली. पहिला मान 480 क्रमांकाच्या ओटिसला मिळाला. झिजलेल्या, तुटलेल्या दातांचं हे म्हातारं अस्वल भांडत नसे; एका जागी तासन् तास वाट पाहत बसे. 2021 पर्यंत त्यानं हा मान चार वेळा मिळवला.

संध्याकाळी परतीची विमानं तलावावर उतरतात, पण वेळापत्रक नेहमी पाळता येत नाही. किनाऱ्यावर एखादी मादी पिलांना घेऊन आडवी झालेली असते. रेंजर प्रवाशांना झाडांमागे थांबवतो. पायलट इंजिन बंद करतो, फ्लोटवर उभा राहतो आणि वारा विमान फिरवू लागला की वल्ह्यानं ते सावरतो. मादी उठते, पिलांकडे पाहते आणि नदीकडे चालू लागते. ती पुरती दिसेनाशी होईपर्यंत कोणी पाऊल पुढे टाकत नाही.