रंगभवन आणि उपनगरी श्रोता

संगीताच्या इतिहासात वादकांची नोंद होते. श्रोता घरी कसा परतला, याची सहसा होत नाही. ‘इंडिपेंडन्स रॉक’चे जलसे १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात होऊ लागले. हे खुले नाट्यगृह बोरीबंदरपासून पायी अंतरावर असल्यामुळे कल्याणपलीकडील शहाडच्या तरुणासही ‘पेंटाग्राम’सारखे प्रयोगशील वृंद ऐकून एकाच लोकलने घरी परतता येई. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये व विद्यालये यांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता-क्षेत्र ठरविण्याची तरतूद केली. कामा रुग्णालय व झेवियर महाविद्यालय यांच्या शेजारचे रंगभवन त्यात सापडले आणि तेथील जलसे थांबले. रुग्णांच्या दृष्टीने हे रास्तच होते. नंतरचे काही जलसे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरले. म्हणजे शहाडकरास दादरला गाडी बदलणे आले, आणि शेवटची गाडी चुकण्याचे भयही.