दर्या की दऱ्या?

गेल्या दिवाळीत मामाने एक सीडी हातात ठेवली. "यात आबांच्या आठवणी आहेत. फोनवर वाचता येतील असं काहीतरी कर," म्हणाला. आबा म्हणजे माझे आजोबा, कोकणातले प्राथमिक शिक्षक. त्यांनी वहीत लिहिलेलं मामाने २००४ साली सायबर कॅफेत बसून टाइप केलं होतं आणि फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर चढवलं होतं. ती साइट केव्हाच बंद पडली. वही पुरात गेली. उरली ही सीडी.

मित्राकडून सीडी ड्राइव्ह आणला, फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. मराठी एक अक्षर नाही. आधी वाटलं, फाइल खराब झाली. पण फाइल ठणठणीत होती. त्या काळी मराठी अशीच लिहिली जायची.

तेव्हाचे फाँट एक युक्ती करत. संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरं माहीत. मग फाँट बनवणाऱ्यांनी त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवली. उदाहरणार्थ, कृतिदेव फाँटमध्ये 'मराठी' लिहिलं की संगणकाकडे जमा होतात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरं. 'ई'च्या जागी 'म'चं चित्र आहे म्हणून आपल्याला 'म' दिसतो, इतकंच. फाँट काढून घेतला की सोंग उतरतं. शिवाय प्रत्येक फाँटचा हिशेब वेगळा. एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं तर वेगळीच गिचमिड. छापखान्यात याने काही बिघडत नव्हतं, कारण कागदावर शेवटी चित्रच उमटतं. वेबवर मात्र वाचणाऱ्याकडेही तोच फाँट लागायचा. म्हणून मराठी वर्तमानपत्रांच्या साइटवर 'आधी फाँट उतरवून घ्या' अशी सूचना असायची. आणि अशा मजकुरात शोध घेणं जवळपास अशक्य, कारण शोधयंत्राच्या दृष्टीने तिथे मराठी नव्हतीच.

मग प्रमाण काहीच नव्हतं का? होतं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतन १९९१ साली भारतीय मानक झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८च्या मांडणीवर बेतलेला होता. त्यात 'क'ला स्वतःचा क्रमांक मिळाला, २३२५. तो कुठल्याही फाँटमध्ये 'क'च राहतो. पण क्रमांक कागदावर असून भागत नाही, तो संगणकाला कळावा लागतो. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २०००पासून आली. सोबत होता मंगल हा फाँट. तो रेखाटला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. घराघरांत मात्र विंडोज ९८ चालू होतं. एक्सपी आलं तरी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करायची, मग मूळ सीडी घालायची, तेव्हा कुठे जोडाक्षरं नीट जुळायची. सायबर कॅफेवाला तुम्हाला हे करू देणार? मामालाही दिलं नाही.

याच काळात काही लोक हट्टाने युनिकोडमध्ये मराठी ब्लॉग लिहू लागले. ब्लॉगर ही सेवा १९९९ची, २००३मध्ये गूगलने ती घेतली. मराठी विकिपीडियाही २००३चाच. या मंडळींचा रोजचा व्याप बघा. बरहा किंवा गमभनमध्ये रोमन अक्षरं बडवत मराठी उमटवायची, ती ब्लॉगरमध्ये चिकटवायची. मग वाचक कळवणार, 'चौकोन दिसताहेत.' त्याला खूण कुठे करायची ते समजावून सांगायचं. लिहिण्याइतकाच वेळ या समजावण्यात जायचा. दुसऱ्यांचं लिखाण वाचायला फीड रीडर. गूगल रीडर २००५मध्ये आला आणि १ जुलै २०१३ला बंद झाला. साधनं आली, गेली. पण जे युनिकोडमध्ये लिहिलं होतं ते उचलून दुसरीकडे नेता आलं. आज फोनवर मराठीत काही शोधलं की सापडतं, त्यामागे या लोकांची ती कटकट आहे.

अर्थात युनिकोडही एका दिवसात पूर्ण झालं नाही. 'ॲप'मधल्या 'ॲ'ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८मध्ये. त्याआधी 'अ'वर चंद्र जोडून काम भागवत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे. त्यामुळे जुन्या मजकुरात आजही एक शोधलं तर दुसरं निसटू शकतं.

आता मामाची फाइल. तिचा फाँट याच जातीचा होता. मी तक्ता बनवला, कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर. दोन रात्रीत होईल वाटलं, तीन आठवडे लागले. कारण या फाँटमध्ये जसं दिसतं तसं साठवतात. 'दिवस' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, मग 'द'. युनिकोडमध्ये आपण बोलतो तो क्रम: आधी 'द', मग वेलांटी. म्हणून प्रत्येक वेलांटी उचलून पुढे न्यायची. पहिल्या प्रयत्नात 'स्थिती'तली वेलांटी 'स्' आणि 'थ' यांच्या मधोमध अडकली, कारण अख्खं जोडाक्षर ओलांडायला मी प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं. रफाराचं उलटं. तो उशिरा येतो आणि मागे न्यावा लागतो.

शेवटी एक वाक्य उरलं. 'बदलीचा हुकूम आला आणि मी दर्या ओलांडून शाळेवर हजर झालो.' दर्या म्हणजे समुद्र. पण 'दऱ्या'ही असू शकतं. 'र'चं ते आडवं रूप कुठल्या कळीवर आहे हे न सापडल्यामुळे मामाने फाइलभर रफारच दिला होता. 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' मी डोळे मिटून दुरुस्त केले. इथे मात्र दोन्ही अर्थ बसत होते. तेव्हा कोकणात बोटीनेही प्रवास व्हायचा. प्रोग्रॅम हे ठरवू शकत नव्हता, मीही नाही.

मामाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"बदली जूनची होती रे. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या. चालत गेले होते ते. डोक्यावर ट्रंक घेऊन."

मी 'ऱ्या' टाइप केलं. वही नाही, आबा नाहीत. मामा आता सत्तरीला आलाय. अजून दहा वर्षांनी ही सीडी कुणाच्या हाती लागली असती, तर आबा कायमचे बोटीतून गेले असते.

तुमच्याही घरी अशी एखादी सीडी, जुना पेन ड्राइव्ह, डीटीपीवाल्याने दिलेली फाइल असेल. पत्रिकेचा मजकूर असेल, नाहीतर कुणाच्या कविता. उघडल्यावर कचरा दिसला तर पुसू नका. आणि ज्याने टाइप केलं त्याला विचारून घ्या, अजून विचारता येतंय तोवर.