उभे पीक आणि शिकारीचा अधिकार : नागभीड परिसराच्या संदर्भात

नागभीड परिसरात जंगल आणि धानाच्या बांध्या एकमेकींना लागून आहेत. धान निसवू लागले की चितळांचे कळप रात्री बांधीत उतरतात. त्यामुळे माळ्यावरची जागल हे शेतीचेच एक काम ठरले. उभ्या पिकात मारलेले चितळ ही राखण की शिकार, हा प्रश्न शेतकऱ्यापेक्षा कायद्यालाच अधिक पडला असे दिसते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना आवश्यक केला. १९५९ च्या कायद्याने पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख केला. म्हणजे शेतकऱ्याच्या हत्याराला मान्यता मिळाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मात्र निर्णय त्याच्या हातून काढून घेतला. कलम ११ मध्ये मालमत्तेत ‘उभे पीक’ स्पष्टपणे धरले आहे. परंतु जनावर मारण्यास अधिकाऱ्याचा सकारण लेखी आदेश लागतो. १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने संपले, हे कलम मात्र टिकले. कळप एका रात्रीत बांधी चरून जातो, आदेश तेवढ्या वेगाने निघत नाही. २०१८ मध्ये घोडाझरी अभयारण्य घोषित झाले आणि याच परिसरातील काही शेतांचे धुरे अभयारण्याच्या सीमेला भिडले.